उपवासकाळ : ताटातून उणे झालेले जाते कुठे?

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधली सकाळची मिस्सा (उपासना) आटोपून वसई रोडला चर्चगेटची लोकल पकडणाऱ्यांमध्ये दरवर्षी काही कपाळे काळपट दिसतात. गर्दीत रेटे खात भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत राखेचा तो क्रूस घामाने अर्धा विरलेला असतो, आणि शेजारी उभा असलेला एखादा भला प्रवासी सांगतो, 'कपाळाला काहीतरी लागलंय बघा.' त्याला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. 'आमचा उपवास सुरू झाला' एवढे म्हटले की तो समजुतीने मान हलवतो, कारण उपवास ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मात्र त्याच्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते, आणि आमच्या डोळ्यांपुढे, खरे बोलायचे तर, पुष्कळदा फारसे काही येत नाही. शुक्रवारी मटण नाही, एवढे लहानपणापासून ठाऊक असते. का नाही, आणि त्या न खाल्लेल्या मटणाचे पुढे काय व्हायचे असते, हे सांगणारे घरात थोडेच भेटतात.

इंग्रजीत ज्याला लेंट म्हणतात त्या ईस्टरपूर्वीच्या काळाला आमच्या मराठी चर्चमध्ये उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. गोव्यात कोंकणी माणूस त्याला 'कोरेज्म' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजमार्गे लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ 'चाळिसावा' एवढाच आहे. प्रत्येक नाव त्या काळाची एकेक बाजू सांगते. एक ताटाकडे बघते, दुसरे मनाकडे, आणि तिसरे नुसतेच दिवस मोजते.

दिवस मोजायला बसले की पहिला गोंधळ होतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. त्यांतले सहा रविवार वजा केले की ४० उरतात, कारण रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी उपवास धरत नाहीत. उपासनेच्या अधिकृत नियमाप्रमाणे हा काळ ईस्टरआधीच्या गुरुवारी, म्हणजे पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी संपतो आणि पुढचे तीन दिवस स्वतंत्र मानले जातात, पण घरोघरी हिशेब ईस्टरपर्यंतचाच चालतो. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते ती चंद्रामुळे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर ही पौर्णिमा बहुधा होळीची किंवा हनुमान जयंतीची असते. २०२७ मध्ये होळी पौर्णिमा २२ मार्चच्या सुमारास येते, म्हणून ईस्टर २८ मार्चला आणि राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला.

चाळीस हा आकडा बायबलमध्ये ठिकठिकाणी भेटतो. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस पडला, मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, एलिया होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालत गेला, आणि येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला. या सर्व कथांमध्ये चाळीस म्हणजे शिक्षेची मुदत नसते. काहीतरी नवे सुरू होण्याआधीची ती तयारी असते, आणि उपवासकाळाचा उगम नेमका तिथेच आहे. पहिल्या काही शतकांत प्रौढ माणसे ख्रिस्ती होत तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री होई. त्याआधी ती उपवास, प्रार्थना आणि शिकवण यांत काही काळ घालवत, आणि त्यांना सोबत म्हणून बाकीचा धर्मग्रामही, म्हणजे त्या चर्चशी जोडलेला समाजही, उपवास धरू लागला. ज्यांच्या हातून गंभीर पाप घडून समाजापासून फारकत झाली होती, असे लोकही याच काळात जाहीर प्रायश्चित्त करून पवित्र गुरुवारी परत आत घेतले जात. डोक्यावर राख घेण्याची रीत प्रथम त्यांची होती. सगळ्यांनीच ती घ्यावी, हा प्रघात ११ व्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. म्हणजे उपवासकाळ हा मुळात कोणाची तरी सोबत करण्याचा काळ आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण पुढे नियम आले की हे मूळ विसरायला होते.

नियम किती आणि कोणासाठी

नियम थोडे आहेत, आणि लोकांना वाटतात त्याहून बरेच सौम्य आहेत. १९८३ च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या ग्रंथाप्रमाणे, दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. एक मांसवर्ज्य, म्हणजे मांस न खाणे, आणि दुसरा उपवास, म्हणजे अन्नाचे प्रमाण कमी करणे. मांसवर्ज्य वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होते आणि ते राखेच्या बुधवारी व शुक्रवारी पाळायचे असते. उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत, आणि तोही वर्षातून दोनच दिवस सक्तीचा आहे : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाणे चालते. पाण्याने किंवा औषधाने उपवास मोडत नाही. आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि अंगमेहनतीचे काम करणारे यांनी प्रकृतीचा विचार करावा, हे चर्चला मान्यच आहे. मधुमेहाचा त्रास असताना हट्टाने उपाशी राहून चक्कर येऊन पडण्यात कसलेही पुण्य नाही.

शुक्रवारच्या पथ्याचे स्वरूप ठरवण्याचा, त्याऐवजी दुसरे एखादे सत्कृत्य सुचवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे. म्हणून आपल्या धर्मग्रामात आदल्या रविवारी जे वाचून दाखवले जाते ते धरून चालावे. शुक्रवारीच एखादा महासण आला तर मांसवर्ज्य लागू होत नाही. २०२७ मध्ये संत योसेफचा १९ मार्च हा सण शुक्रवारीच येतो, तेव्हा ही शंका घरोघरी निघणार. आणखी एक गैरसमज असा की राखेच्या बुधवारी मिस्सेला न जाणे हे पाप आहे. तसे नाही, तो सक्तीच्या सणांपैकी नाही. तरीही त्या दिवशी चर्च ओसंडून वाहते, आणि सक्तीच्या रविवारी मागचे बाक रिकामे असतात, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

पापलेटाचा प्रश्न

आता किनाऱ्यावरच्या माणसाची खरी अडचण. मांस वर्ज्य आहे, मासळी वर्ज्य नाही. हा नियम ज्या प्रदेशात घडला तिथे मांस म्हणजे सणाचे, श्रीमंतीचे अन्न होते आणि मासळी त्या मानाने साधी मानली जाई. मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी हेही एके काळी वर्ज्य असे. ईस्टरला अंडी वाटण्याच्या प्रथेमागे चाळीस दिवस साठलेली अंडी हेही एक कारण सांगितले जाते. तो नियम जहाजातून आमच्याकडे आला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. या दोनशे वर्षांत इथे रुजलेल्या अनेक गोष्टींपैकी शुक्रवारचे पथ्य ही एक. पण इथे मासळी हे साधे अन्न आहे असे कोणी म्हणाले तर त्याने शुक्रवारी सकाळी बाजारात जाऊन पापलेटाचा भाव विचारावा.

आमच्या घरी एका वर्षी मी हा हिशेब कागदावर मांडला होता. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार, असे एकूण आठ दिवस. त्या आठही दिवशी कोंबडी आली नाही. पण चार दिवशी पापलेट आले, दोन दिवशी कोळंबी आली, एका शुक्रवारी पाहुणे आले म्हणून सुरमईच्या तुकड्या तळल्या गेल्या, आणि फक्त गुड फ्रायडेला डाळभात झाला. आठ दिवसांचा खर्च एरवीच्या मटणाच्या खर्चापेक्षा चांगलाच जास्त निघाला. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आम्ही शेजाऱ्यांच्या उपवासाला हसून वापरत आलो होतो. कागद हातात आल्यावर ती घरी परत आली. नियमाचे अक्षर एकही मोडले नव्हते.

माझी आजी या बाबतीत आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणी होती. ती उपवासकाळात ताजी मासळीही आणू देत नसे. घरात भरून ठेवलेली सुकट आणि बोंबील, वालाचे बिरडे, पालेभाजी, भात. तिला धर्मविधीसंहिता ठाऊक नव्हती, पण नियम कशासाठी आहे हे पक्के ठाऊक होते : ताट हलके झाले पाहिजे. जे मुळातच शाकाहारी आहेत, त्यांनाही हाच धागा धरून चालता येते. ज्या वस्तूकडे आपला हात आपोआप जातो ती शोधायची. कोणाचा चहा असेल, कोणाची संध्याकाळची दारू, कोणाचा उशाशी ठेवलेला मोबाइल.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी एका वर्षी चहा सोडला. तिसऱ्या दिवसापासून डोके दुखू लागले आणि दहाव्या दिवसापर्यंत घरातल्या प्रत्येकावर ओरडून झाले. शेवटी पत्नी म्हणाली, 'अहो, तुम्ही चहा प्या. तुमचा उपवास आम्हांला घडतो आहे.' मी चहा प्यायलो. त्या वर्षी उपवासकाळाविषयी जितके शिकलो तितके कोणत्याही प्रवचनातून शिकलो नव्हतो. मी चहा सोडला होता, पण त्या सोडलेल्या चहाचे पुढे काय करायचे हे ठरवलेच नव्हते. रिकाम्या झालेल्या जागेत राग येऊन बसला.

तीन कामे की एकच?

राखेच्या बुधवारी मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, सहावा अध्याय वाचला जातो. त्यात येशू तीन गोष्टींविषयी बोलतो, दानधर्म, प्रार्थना आणि उपवास, आणि तिन्ही ठिकाणी एकच इशारा देतो : लोकांनी बघावे म्हणून करू नका. दान करताना पुढे कर्णे वाजवू नका, प्रार्थना दार लावून घेऊन करा, आणि उपवास असेल तेव्हा तोंड उतरवून हिंडण्याऐवजी डोक्याला तेल लावा व तोंड धुवा. हे वाचन संपताच आम्ही रांग लावून कपाळाला राख लावून घेतो आणि तोंड न धुता दिवसभर हिंडतो. ही विसंगती दरवर्षी कोणीतरी फादरांना विचारतो. माझ्या समजुतीप्रमाणे राख ही आपल्या उपवासाची जाहिरात नाही. ती लावताना धर्मगुरू म्हणतात, 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील,' किंवा 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा.' यांतल्या कोणत्याही वाक्यात मिरवण्यासारखे काही नाही. शिवाय ही राख आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ज्या हातांनी 'होसान्ना' म्हणत त्या उंच धरल्या, वर्षभर क्रूसामागे खोचून ठेवल्या, त्यांचीच ही भुकटी. ज्या येशूच्या जयजयकाराला आपण जमलो होतो त्याला पाच दिवसांत क्रूसावर देणारी गर्दीही तीच होती, हे कपाळावर लिहिलेले असते.

दान, प्रार्थना आणि उपवास या तिघांना आपण बहुधा तीन वेगळी कामे समजतो आणि त्यांतले सोपे ते निवडतो. माझे मत असे की ते एकाच कामाचे तीन टप्पे आहेत. उपवासाने ताटातून, खिशातून आणि दिवसातून काहीतरी कमी होते. त्यातून वाचलेला पैसा दानात जातो आणि वाचलेला वेळ प्रार्थनेत. दान नसेल तर उपवास ही नुसती बचत होते, किंवा वजन घटवण्याची युक्ती. प्रार्थना नसेल तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीची परीक्षा होतो, आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाइतका त्रासदायक माणूस घरात दुसरा नसतो.

राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मिस्सेत यशया संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय वाचला जातो, आणि मला वाटते की उपवासकाळात एकच उतारा वाचायला सवड असेल तर तो हाच वाचावा. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास केला, तू बघितला का नाहीस? देवाचे उत्तर सडेतोड आहे. उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला धंदा साधता, आपल्या मजुरांना राबवून घेता, आणि उपवास करून भांडता, ठोसे लगावता. मला हवा तो उपवास म्हणजे जुलमाची बंधने सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतून वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर आहे, पण वसईच्या वाडीत बसून वाचताना तो आजच्या सकाळचा वाटतो. वाडीत केळी आणि फुलांच्या कामाला येणारी आदिवासी बाई सकाळी आठला येते. तिची मजुरी शनिवारी द्यायची ठरलेली असते आणि 'सुटे नाहीत, सोमवारी घे' असे सहज म्हटले जाते. तिचा सोमवार मंगळवार होतो. अशा घरात शुक्रवारी मटण शिजले नाही, याची दखल यशयाच्या देवाने घ्यावी अशी अपेक्षा करणे कठीण आहे. उपवासकाळातले दान शोधायला म्हणून आधी लांब जाऊ नये. ज्यांचे आपण देणे लागतो त्यांचे वेळेवर देणे, कामाला येणाऱ्या बाईचा पगार बरीच वर्षे होता तिथेच आहे का ते बघणे, इथून सुरुवात करावी. ते दानात मोडत नाही हे खरे, ते देणेच आहे. पण देणे थकवून केलेल्या दानाला काय म्हणायचे, हा प्रश्न उरतोच.

त्यापुढची वाट बहुतेक धर्मग्रामांत आखलेली असते. कॅरितास इंडिया ही कॅथलिक चर्चची समाजसेवेची संस्था दरवर्षी उपवासकाळात भूक आणि आजार यांविरुद्ध मोहीम चालवते आणि तिच्यासाठी चर्चमध्ये निधी जमतो. घरी एक डबा ठेवणे ही जुनी आणि कामाची पद्धत आहे. त्यात उरलेसुरले सुटे न टाकता, त्या दिवशी जे आणले नाही त्याची किंमत टाकायची. कोंबडी आली नाही, तर कोंबडीचे पैसे. बाहेरचे जेवण टळले, तर त्याचे. लहान मुलांना हे फार चांगले कळते, मोठ्यांपेक्षा लवकर कळते, कारण आइसक्रीमची किंमत त्यांना पाठ असते. डबा पवित्र गुरुवारपर्यंत भरायचा. तोच दिवस का, ते पुढे येईल.

क्रूसाच्या वाटेवरचा शेतकरी

प्रार्थनेसाठी या काळात काही निराळे शोधण्याची गरज नसते. रोज दहा मिनिटे त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचणे पुरेसे आहे. उपासनेतही काही गोष्टी काढून घेतलेल्या असतात. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, वेदीवर फुले नसतात, 'आलेलुया' हा स्तुतीचा घोष म्हटला जात नाही, लग्ने शक्यतो टाळली जातात. मधल्या चौथ्या रविवारी तेवढी गुलाबी झगा व थोडी फुले यांची सूट मिळते. कानाला सवयीचे झालेले काही ऐकू येत नाही, हीदेखील एक प्रकारची भूक आहे.

शुक्रवारची खरी प्रार्थना म्हणजे क्रूसाची वाट. येशूला मरणदंड झाल्यापासून त्याला कबरेत ठेवीपर्यंतचे १४ टप्पे, चर्चच्या भिंतींवर चित्रांतून मांडलेले. प्रत्येक टप्प्यापाशी थांबायचे, गुडघे टेकायचे, वाचायचे, गायचे आणि पुढे जायचे. यरुशलेमला जाऊन त्या रस्त्यावरून चालणे सगळ्यांना शक्य नव्हते, म्हणून फ्रान्सिस्कन संन्याशांनी ही वाट गावोगावच्या चर्चमध्ये आणली. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी टप्प्यांची संख्या १४ ठरवली. यांतले सगळेच प्रसंग शुभवर्तमानात नाहीत. येशूचे तीनदा पडणे आणि वेरोनिकाने त्याचे तोंड पुसणे हे परंपरेने जपलेले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या गुड फ्रायडेला रोममध्ये केवळ शुभवर्तमानातल्या प्रसंगांवर आधारलेली वाट चालली होती, आणि तीही आता अनेक ठिकाणी वापरली जाते.

चौदा टप्प्यांपैकी मला पाचवा सर्वांत जवळचा वाटतो. कुरेनेचा शिमोन हा माणूस कोणी शिष्य नव्हता. शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतो की तो शेतावरून येत होता आणि त्याला आलेक्सांद्र व रूफ अशी दोन मुले होती. शिपायांनी त्याला वेठीला धरले आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याने काही ठरवले नव्हते. उपवासकाळात आपण काय सोडायचे ते आपण ठरवतो, आपल्या सोयीने ठरवतो, आणि म्हणून ते सोडण्यातही आपली मर्जी शाबूत राहते. शिमोनाला ती मोकळीक नव्हती. मी चहा सोडला त्याच वर्षी, उपवासकाळाच्या मध्यावर, आमच्या एका म्हाताऱ्या नातलगांना रुग्णालयात रात्रभर सोबत करण्याची पाळी आली. सलग नऊ रात्री. प्लॅस्टिकची खुर्ची, सलाइनची बाटली, पहाटे चारला 'किती वाजले' असे विचारणारा आवाज. तेव्हा मला ते संकट वाटले, कारण माझे क्रूसाच्या वाटेचे दोन शुक्रवार बुडाले. ते बुडाले नव्हते, हे लक्षात यायला काही महिने गेले.

पापनिवेदनाविषयी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याविषयी, थोडक्यात. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो हा संस्कार. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली द्यावी आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यावा, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून चालत आला आहे. लोक रांगेत उभे राहून तेच पाठ केलेले पाप पुन्हा सांगतात : रागावलो, खोटे बोललो, मिस्सा चुकवली. त्याआधी घरी पाव तास शांत बसून माणसांची नावे आठवावीत. कोणाशी बोलणे टाकले आहे, कोणाच्या जमिनीच्या बांधावरून वैर धरले आहे, कोणाचे पैसे दिलेले नाहीत. वसईत तरी बांधाचा विषय निघाल्याशिवाय पापनिवेदन पुरे होत असेल असे मला वाटत नाही. तिथे जे सांगितले जाते ते धर्मगुरूंना कधीही, कोणालाही सांगता येत नाही, हे ठाऊक असूनही नेमके तेच सांगायला जीभ रेटत नाही.

शेवटचा आठवडा

गोव्यात या काळाची वाट अधिक दृश्य आहे. त्याच्या आधी तीन-चार दिवस इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, आणि मग एकाएकी शांतता. चर्चमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावरची मोतेते नावाची गीते गायली जातात; पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते; पवित्र गुरुवारी 'ग्लोरिया' या स्तोत्रानंतर घंटा मुक्या होतात आणि मात्राक या लाकडी खुळखुळ्याचा कोरडा खडखडाट ऐकू येतो.

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी प्रभुभोजनाची मिस्सा होते. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून धर्मगुरू धर्मग्रामातल्या काही जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यांत स्त्रियाही असू शकतात. त्याच मिस्सेत अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरसाबरोबर गोरगरिबांसाठीच्या देणग्या वेदीकडे आणता येतील, असे उपासनाविधीच्या ग्रंथातच सांगितले आहे. घरचा तो डबा भरायचा तो याच संध्याकाळसाठी. सहा शुक्रवारांची न आणलेली कोंबडी, मुलांचे आइसक्रीम आणि कोणाचा चहा, अशी सगळी मिळून ती रांगेतून पुढे जाते आणि भाकरीशेजारी ठेवली जाते.

शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्या ज्योतीवरून एकेकाच्या हातातली लहान मेणबत्ती पेटत जाते. कागदी चकती लावलेली असली तरी मेण बोटावर ओघळतेच. वाचने होतात, घंटा वाजू लागतात, 'आलेलुया' परत येते. नंतर, ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा असतो त्यांना जे प्रश्न विचारतात तेच आम्हा जुन्यांनाही उभे करून विचारले जातात. सैतानाचा त्याग करता का? त्याच्या सगळ्या कृत्यांचा? त्याच्या सगळ्या पोकळ आश्वासनांचा? माझ्या शेजारी बहुधा शेजारच्या वाडीचे काका उभे असतात, ज्यांच्याशी बांधावरून आमची दोन पिढ्यांची धुसफूस आहे. त्यांची मेणबत्ती वाऱ्याने विझते, ते माझ्या ज्योतीवर ती धरतात, आणि 'होय, त्याग करतो' हे उत्तर आम्ही दोघेही थोडे अडखळत देतो.